ओटो फ्रँक

ओटो हाइनरिक फ्रँक (१२ मे, १८८९; फ्रांकफुर्ट, जर्मनी – १९ ऑगस्ट, १९८०; बिर्सफेल्डन, स्वित्झर्लंड) हे जर्मनीत जन्मलेले ज्यू व्यापारी होते. ॲन फ्रँक हिचे वडील, तिच्या रोजनिशीचे पहिले संपादक आणि ॲम्स्टरडॅममधील ॲन फ्रँक हाऊस या संग्रहालयाच्या स्थापनेमागील प्रमुख व्यक्ती म्हणून ते ओळखले जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी राजवटीने आणि तिच्या साहाय्यकांनी सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. हा संहार हॉलोकॉस्ट या नावाने ओळखला जातो. त्यात ओटो यांची पत्नी आणि दोन्ही मुली मृत्युमुखी पडल्या. ॲम्स्टरडॅममधील गुप्त निवासात राहिलेल्या आठ जणांपैकी केवळ ओटोच जिवंत परतले. उर्वरित ३५ वर्षांचे आयुष्य त्यांनी मुलीच्या लेखनाचा प्रसार आणि वंशद्वेषाविरुद्धचे शिक्षण या कार्याला वाहिले.

बालपण आणि शिक्षण

ओटो यांचा जन्म फ्रांकफुर्ट येथील सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. मिखाएल फ्रँक आणि ॲलिस स्टर्न यांच्या चार अपत्यांपैकी ते दुसरे. रॉबर्ट आणि हर्बर्ट हे त्यांचे भाऊ, तर हेलेने (लेनी) ही बहीण होती. वडिलांची स्वतःची पेढी होती. फ्रँक कुटुंब धार्मिक आचाराच्या बाबतीत कर्मठ नव्हते. स्वतःला ते जर्मन समाजाचाच एक घटक मानत असे.

१९०८ मध्ये शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ओटो यांनी हायडेलबर्ग विद्यापीठात काही काळ कलेच्या इतिहासाचा अभ्यास केला. तेथे त्यांची अमेरिकन विद्यार्थी नेथन स्ट्रॉस (धाकटे) यांच्याशी मैत्री झाली. स्ट्रॉस कुटुंब न्यू यॉर्कमधील मेसीज या प्रसिद्ध दुकानाचे मालक होते. त्या ओळखीमुळे ओटो यांना या दुकानात व्यापाराचा अनुभव घेण्याची संधी मिळाली. सप्टेंबर १९०९ मध्ये वडिलांचे निधन झाल्याने ते मायदेशी आले, पुन्हा अमेरिकेस गेले आणि १९११ मध्ये जर्मनीत परतले. स्ट्रॉस यांच्याशी असलेला हा स्नेह तीस वर्षांनंतर, अत्यंत बिकट प्रसंगी, पुन्हा पुढे येणार होता.

पहिले महायुद्ध आणि विवाह

१९१५ मध्ये ओटो जर्मन सैन्यात दाखल झाले. त्यांचे दोन्ही भाऊही सैन्यात होते. पश्चिम आघाडीवर सॉम आणि कांब्रे येथील लढायांत त्यांनी भाग घेतला. १९१८ मध्ये त्यांना लेफ्टनंटपदी बढती मिळाली. फ्रँक कुटुंबाने युद्धकर्जरोख्यांतही पैसा गुंतविला होता. जर्मनीच्या पराभवानंतर हा पैसा बुडाला आणि पेढीची स्थिती खालावली. परकीय चलनाचा व्यवहार करण्यासाठी १९२३ मध्ये ओटो यांनी ॲम्स्टरडॅममध्ये शाखा उघडली. परंतु ती वर्षभरातच बंद पडली.

१२ मे, १९२५ रोजी, आपल्या ३६ व्या वाढदिवशी, ओटो यांनी आखेन येथील एडिथ होलेंडर यांच्याशी विवाह केला. १६ फेब्रुवारी, १९२६ रोजी मार्गोट आणि १२ जून, १९२९ रोजी ॲन यांचा जन्म झाला. रात्री मुलींना स्वतः रचलेल्या गोष्टी सांगणारे, त्यांच्या अभ्यासात रस घेणारे वडील अशी ओटो यांची प्रतिमा रोजनिशीतून आणि परिचितांच्या आठवणींतून उभी राहते.

जर्मनीतून नेदरलँड्सकडे

३० जानेवारी, १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. मार्च महिन्यात फ्रांकफुर्टच्या नगरपालिका निवडणुकीत नाझी पक्षाला यश मिळाले आणि एप्रिलमध्ये देशभर ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारण्यात आला. जर्मनीसाठी आघाडीवर लढलेल्या ज्यू सैनिकांनाही आपण या देशात नकोसे झालो आहोत हे उमगू लागले. ओटो यांनी देश सोडण्याचा निर्णय फार लवकर, म्हणजे त्याच वर्षी, घेतला.

लेनीचे पती एरिक एलियास यांच्या मदतीने त्यांनी ॲम्स्टरडॅममध्ये ओपेक्टा या कंपनीचे काम सुरू केले. घरगुती जॅम घट्ट होण्यासाठी लागणारे, फळांपासून काढलेले पेक्टिन ही कंपनी विकत असे. एडिथ आणि मुली टप्प्याटप्प्याने ॲम्स्टरडॅमला आल्या. सर्वांत शेवटी, फेब्रुवारी १९३४ मध्ये, ॲन आली. मर्वेडप्लाइन या चौकातील ३७ क्रमांकाच्या घरात कुटुंब राहू लागले. १९३८ मध्ये ओटो यांनी पेक्टाकॉन ही मसाल्यांची दुसरी कंपनी काढली. मसाल्यांचे जाणकार हर्मान व्हान पेल्स हे तेथे त्यांचे सहकारी झाले.

या काळात लाखो ज्यू आसऱ्याच्या शोधात जगभर विखुरले. त्यांपैकी काही मुंबईतही आले. आकाशवाणीच्या ओळखधुनीशी ज्यांचे नाव जोडले जाते ते संगीतकार वॉल्टर कॉफमन हे त्यांतील एक परिचित नाव होय. परंतु बहुतेक देशांनी निर्वासितांसाठी दारे अगदी किलकिलीच ठेवली होती.

स्थलांतराचे अयशस्वी प्रयत्न

ओटो यांनी १९३८ मध्ये अमेरिकेच्या रॉटरडॅम येथील वकिलातीत व्हिसासाठी अर्ज केला होता. १० मे, १९४० रोजी जर्मनीने नेदरलँड्सवर आक्रमण केले आणि १४ मे रोजी रॉटरडॅमवर बाँबवर्षाव झाला. त्यात वकिलातीतील अर्जांची कागदपत्रे जळाली.

एप्रिल १९४१ मध्ये ओटो यांनी जुने मित्र नेथन स्ट्रॉस यांना पत्र लिहून मदतीची विनंती केली. स्ट्रॉस हे त्या वेळी अमेरिकेच्या शासनात महत्त्वाच्या पदावर होते. एडिथ यांचे अमेरिकेत स्थायिक झालेले भाऊ युलियुस आणि वाल्टर यांनीही प्रयत्न केले. हमीपत्र आणि पैसा यांची तजवीज होत आली, परंतु अमेरिकेचे नियम दर काही महिन्यांनी अधिक कडक होत गेले. शेवटी ओटो यांनी क्यूबाच्या व्हिसासाठी अर्ज केला. तो १ डिसेंबर, १९४१ रोजी मंजूर झाला. मात्र जर्मनीने ११ डिसेंबरला अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारल्यानंतर रद्द झाला. हा पत्रव्यवहार न्यू यॉर्कमधील यिवो संस्थेच्या संग्रहात होता. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा फ्रँक कुटुंबाने सुटकेसाठी केलेल्या धडपडीची कल्पना जगाला आली.

गुप्त निवास

जर्मन अंमलाखाली ज्यूंना स्वतःचा व्यवसाय करण्यास बंदी झाली. ओटो यांनी आपल्या कंपन्या कागदोपत्री योहानेस क्लाइमन, व्हिक्टर कुगलर आणि यान गीस या विश्वासू सहकाऱ्यांकडे सोपविल्या. डिसेंबर १९४० पासून कार्यालय प्रिन्सेनग्राख्त या कालव्याकाठी २६३ क्रमांकाच्या इमारतीत होते. ॲम्स्टरडॅममधील अनेक जुन्या इमारतींप्रमाणे तिलाही मागील बाजूस जोडघर होते. ओटो यांनी तेथे हळूहळू अन्नधान्य आणि सामान जमविण्यास प्रारंभ केला.

५ जुलै, १९४२ रोजी १६ वर्षांच्या मार्गोटला जर्मनीतील श्रमछावणीत हजर होण्याचा हुकूम आला. दुसऱ्याच दिवशी कुटुंब जोडघरात गेले. आठवड्याभरात हर्मान व्हान पेल्स, त्यांची पत्नी औगुस्ट आणि मुलगा पेटर तेथे आले. नोव्हेंबरमध्ये दंतवैद्य फ्रिट्झ फेफर हे त्यांच्यात सामील झाले. जोडघराचे प्रवेशद्वार पुस्तकांच्या फिरत्या कपाटाने झाकलेले होते. कुगलर, क्लाइमन, मीप गीस, बेप व्होस्काइल तसेच मीप आणि बेप यांचे अनुक्रमे पती आणि वडील या मदतनीसांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून या आठ जणांना अन्न, पुस्तके आणि बातम्या पुरविल्या.

दाटीवाटीच्या या जागेत वारंवार खटके उडत. ओटो हे समजूत घालणारे आणि शिस्त राखणारे होते. मुलांच्या अभ्यासात खंड पडू नये यासाठी त्यांनी भाषा, इतिहास आणि गणित यांचे पाठ सुरू ठेवले. तेराव्या वाढदिवशी मिळालेल्या वहीत ॲन रोजनिशी लिहीत असे. मार्च १९४४ मध्ये, युद्धानंतर सामान्य नागरिकांच्या रोजनिशा आणि पत्रे जमविली जातील अशी घोषणा लंडनहून होणाऱ्या डच नभोवाणीवर झाली. त्यानंतर ॲनने पुस्तक म्हणून छापता येईल अशा दृष्टीने आपल्या लेखनाचा दुसरा खर्डा करावयास घेतला.

अटक आणि छळछावणी

४ ऑगस्ट, १९४४ रोजी कार्ल सिल्बरबाउअर या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली पोलिसांनी इमारतीवर छापा घातला. आठही जणांना आणि कुगलर व क्लाइमन यांना अटक झाली. त्यांचा ठावठिकाणा कसा लागला हे आजतागायत निश्चित झालेले नाही. प्रथम वेस्टरबॉर्क येथील छावणीत आणि ३ सप्टेंबर रोजी तेथून आउश्वित्झकडे निघालेल्या अखेरच्या गाडीतून आठही जणांची रवानगी झाली. आउश्वित्झच्या फलाटावर पुरुष आणि स्त्रिया यांना वेगळे करण्यात आले. ओटो यांनी पत्नीला आणि मुलींना पाहिले ते त्या रात्री शेवटचे.

हर्मान व्हान पेल्स यांची आउश्वित्झमध्येच हत्या झाली. फेफर नॉयनगाम येथील छावणीत आणि पेटर माउटहाउझेन येथील छावणीत मरण पावले. औगुस्ट व्हान पेल्स याही वाचल्या नाहीत. एडिथ ६ जानेवारी, १९४५ रोजी आउश्वित्झमध्ये निधन पावल्या. मार्गोट आणि ॲन यांना बेर्गन-बेल्झन येथे हलविण्यात आले होते. तेथे १९४५ च्या फेब्रुवारी अथवा मार्चमध्ये, छावणीच्या मुक्ततेपूर्वी काही आठवडे, दोघी मृत्यू पावल्या. ओटो अत्यंत अशक्त होऊन छावणीच्या रुग्णकक्षात पडले होते. त्यामुळे माघार घेताना नाझींनी कैद्यांची जी पायपीट घडविली तीत ते नव्हते. २७ जानेवारी, १९४५ रोजी सोव्हिएत सैन्याने आउश्वित्झ मुक्त केले.

परतीचा प्रवास आणि रोजनिशी

काटोविस, चेर्नोव्हित्झ, ओडेसा आणि तेथून जहाजाने मार्से असा लांबचा प्रवास करून ओटो ३ जून, १९४५ रोजी ॲम्स्टरडॅमला पोहोचले. एडिथ यांच्या मृत्यूची वार्ता त्यांना वाटेतच समजली होती. मुलींचा शोध त्यांनी पत्रे, वृत्तपत्रांतील जाहिराती आणि परतणाऱ्यांच्या भेटी या मार्गांनी चालू ठेवला. जुलैमध्ये बेर्गन-बेल्झनहून परतलेल्या एका स्त्रीकडून दोघींच्या मृत्यूची खात्री पटली. नेदरलँड्समधून छळछावण्यांकडे नेल्या गेलेल्या सुमारे १ लाख ७ हजार ज्यूंपैकी केवळ ५,२०० च्या आसपास माणसे परत आली.

अटकेच्या दिवशी जमिनीवर विखुरलेली ॲनची पाने मीप गीस आणि बेप व्होस्काइल यांनी उचलून ठेवली होती. ॲन परतल्यावर तिला ती द्यावीत म्हणून मीप यांनी ती न वाचता जपली. मुलींच्या मृत्यूची वार्ता आल्यावर त्यांनी ती ओटो यांच्या स्वाधीन केली. ती वाचताना ओटो यांना आपल्याच मुलीचे, त्यांना पूर्वी न दिसलेले, विचारी अंतरंग प्रथमच दिसले. आई-वडिलांना आपले मूल पूर्णपणे कळलेले नसते, हा निष्कर्ष त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखविला.

प्रारंभी त्यांनी आप्तेष्टांसाठी काही भाग टंकलिखित केले. एका प्रतीवरून इतिहासकार यान रोमाइन यांनी ३ एप्रिल, १९४६ च्या 'हेट पारूल' या वृत्तपत्रात लेख लिहिला आणि प्रकाशकांचे लक्ष वेधले गेले. ॲनची लेखिका होण्याची इच्छा स्मरून ओटो यांनी प्रकाशनास संमती दिली. २५ जून, १९४७ रोजी 'हेट आख्टरहाउस' (मागचे घर) या नावाने पुस्तक प्रसिद्ध झाले. १९५० मध्ये जर्मन व फ्रेंच आणि १९५२ मध्ये इंग्रजी अनुवाद निघाले. अमेरिकेतील आवृत्तीस एलिनॉर रूझवेल्ट यांची प्रस्तावना होती. १९५५ मध्ये रोजनिशीवरील नाटक न्यू यॉर्कच्या रंगभूमीवर आले, त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९५९ मध्ये चित्रपटही निघाला. मराठीत मंगला निगुडकर यांनी केलेला अनुवाद उपलब्ध आहे.

संपादन आणि त्यावरील आक्षेप

ॲनची मूळ रोजनिशी आणि तिने स्वतः केलेला अपूर्ण पुनर्लेखित खर्डा अशी दोन रूपे ओटो यांच्यापुढे होती. दोहोंतून निवड करून त्यांनी तिसरे रूप सिद्ध केले. एडिथविषयीचे कठोर उल्लेख, सहनिवासी आणि ॲनच्या वयात येण्यासंबंधीचे काही परिच्छेद त्यांनी वगळले. मृतांविषयीची भीड आणि तत्कालीन प्रकाशनसंकेत ही त्यामागील कारणे होती. १९८६ मध्ये निघालेल्या चिकित्सक आवृत्तीत तिन्ही रूपे शेजारी-शेजारी छापली गेली. १९९१ मध्ये वगळलेल्या मजकुरापैकी बराचसा समाविष्ट असलेली विस्तृत आवृत्ती सिद्ध झाली. ओटो यांनी मुलीचे लेखन सौम्य केले, ही टीका आणि त्यांच्या प्रयत्नांवाचून ते प्रकाशितच झाले नसते, हे वास्तव, दोन्ही अभ्यासक मान्य करतात.

नाटकाच्या बाबतीत अमेरिकन लेखक मेयर लेव्हिन यांच्याशी त्यांचा दीर्घ वाद झाला. ॲनचे ज्यूपण नाटकात पुसट केले गेले, असे लेव्हिन यांचे म्हणणे होते. हे पुस्तक केवळ ज्यूंसाठी नसून सर्वांसाठी आहे, अशी ओटो यांची भूमिका होती. हाच प्रश्न पुढे संग्रहालयाच्या संदर्भातही उपस्थित झाला.

संग्रहालयाची स्थापना

रोजनिशी वाचून आलेले लोक प्रिन्सेनग्राख्तवरील घर पाहण्यासाठी येऊ लागले. कार्यालयातील कर्मचारीच त्यांना जोडघर दाखवीत. परंतु इमारत जीर्ण झाली होती. १९५० च्या दशकाच्या मध्यास बर्गहाउस या कंपनीने ती आणि आजूबाजूची घरे पाडून तेथे नवी इमारत बांधण्याचे ठरविले. वृत्तपत्रांनी आणि नागरिकांनी याविरुद्ध आवाज उठविला. घर वाचविण्यासाठी ३ मे, १९५७ रोजी ॲन फ्रँक प्रतिष्ठान स्थापन झाले. ओटो यांच्याबरोबर क्लाइमनही या कामात होते. ऑक्टोबर १९५७ मध्ये कंपनीने ही इमारत प्रतिष्ठानास देणगी म्हणून दिली. शेजारची घरे विकत घेण्यासाठी ॲम्स्टरडॅमचे महापौर व्हान हाल यांनी निधी उभारण्यास साहाय्य केले. ३ मे, १९६० रोजी संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. पहिल्या वर्षी सुमारे ९,००० लोकांनी त्यास भेट दिली.

संग्रहालयाचे स्वरूप ठरविताना ओटो यांनी घेतलेले दोन निर्णय महत्त्वाचे ठरले.

पहिला निर्णय खोल्या रिकाम्या ठेवण्याचा होता. अटकेनंतर नाझींनी जोडघरातील सर्व सामान हलविले होते. दुरुस्तीनंतर तेथे त्या काळासारखे सामान मांडावे, अशी सूचना पुढे आली असता ओटो यांनी ती नाकारली. गेलेली माणसे परत आली नाहीत, तेव्हा त्यांच्या जागाही रिकाम्याच राहाव्यात, असा त्यांचा विचार होता. पाहणाऱ्यास कल्पना यावी म्हणून १९६१ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली सामानासह खोल्यांच्या लहान प्रतिकृती बनविण्यात आल्या. भिंतींवर मात्र मूळ खुणा राहिल्या: ॲनने चिकटविलेली चित्रे, दोस्त सैन्याची आगेकूच दर्शविणारा नॉर्मंडीचा नकाशा आणि मुलींची उंची नोंदविणाऱ्या पेन्सिलीच्या रेघा. त्या रेघांवरून गुप्तवासात ॲनची उंची सुमारे १३ सेंटिमीटरने वाढल्याचे दिसते.

दुसरा निर्णय संग्रहालयास शिक्षणकेंद्राची जोड देण्याचा होता. आपल्या मुलीचे तीर्थस्थान उभे राहावे अशी ओटो यांची इच्छा नव्हती. शेजारच्या घरांत विद्यार्थ्यांचे वसतिगृह आणि आंतरराष्ट्रीय युवक केंद्र सुरू करण्यात आले. १९६० च्या दशकात उन्हाळ्यात तेथे निरनिराळ्या देशांतील तरुणांच्या परिषदा भरत. त्यांत ज्यू आणि ख्रिस्ती यांचे संबंध, वर्णभेद आणि मानवी हक्क या विषयांवर चर्चा होई. जर्मन तरुणांचा सहभाग ओटो यांना विशेष महत्त्वाचा वाटे. ज्या देशाने त्यांचे कुटुंब हिरावून घेतले, त्याच देशातील नव्या पिढीशी संवाद साधण्यास त्यांनी कधीही नकार दिला नाही.

संग्रहालयाचा दैनंदिन कारभार संचालक आणि विश्वस्त मंडळ पाहत असे. ओटो स्वित्झर्लंडमध्ये राहत असले तरी परिषदांना आणि प्रदर्शनांना येत. प्रतिष्ठानातील तरुण कार्यकर्ते आणि ओटो यांच्यात राजकीय विषयांवर मतभेदही होत. सर्वसामान्य मानवतेच्या संदेशात ज्यूंच्या संहाराचे वेगळेपण झाकले जाते, असा आक्षेप काही समीक्षकांनी संग्रहालयावर घेतला. पुढील काळात संग्रहालयाने नेदरलँड्समधील ज्यूंचा छळ, मदतनीसांचे कार्य आणि छळछावण्यांचा इतिहास यांच्या मांडणीवर अधिक भर दिला.

उत्तरायुष्य

परतल्यावर ओटो सात वर्षे मीप आणि यान गीस यांच्या घरी राहिले. नाझी आदेशाने जर्मन नागरिकत्व गमावलेल्या ओटो यांना १९४९ मध्ये डच नागरिकत्व मिळाले. १९५२ मध्ये ते बहिणीच्या कुटुंबाजवळ राहण्यासाठी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे गेले. १० नोव्हेंबर, १९५३ रोजी त्यांनी एल्फ्रीड (फ्रिट्झी) गाइरिंगर यांच्याशी विवाह केला. त्या मर्वेडप्लाइन चौकातील पूर्वीच्या शेजारी होत्या. त्यांचे पती आणि मुलगा छळछावणीत मृत्यू पावले होते. त्या आणि त्यांची मुलगी एव्हा आउश्वित्झमधून वाचल्या होत्या.

जगभरातील वाचकांकडून, विशेषतः शाळकरी मुलांकडून, ओटो यांना हजारो पत्रे येत. ते आणि फ्रिट्झी मिळून प्रत्येक पत्राला उत्तर देण्याचा प्रयत्न करीत. काही वाचकांशी त्यांचा पत्रव्यवहार अनेक वर्षे चालला. २४ जानेवारी, १९६३ रोजी त्यांनी बाझल येथे ॲन फ्रँक फाँड्स ही संस्था स्थापन केली. रोजनिशीचे प्रताधिकार आणि मानधन तिच्याकडे सोपवून त्यांतून धर्मादाय व शैक्षणिक कार्य चालावे अशी व्यवस्था केली.

त्याच वर्षी, छापा घालणारा सिल्बरबाउअर व्हिएन्नाच्या पोलीस दलात नोकरीस असल्याचे सायमन विझेन्थाल यांनी उघडकीस आणले. ठावठिकाणा कोणी कळविला याची १९४८ मध्ये आणि १९६३–६४ मध्ये चौकशी झाली, परंतु निष्कर्ष निघाला नाही. ओटो यांनी या शोधास आपल्या कार्याच्या केंद्रस्थानी कधीही येऊ दिले नाही.

रोजनिशीच्या सत्यतेवरील हल्ले

हॉलोकॉस्ट घडलाच नाही असे म्हणणाऱ्यांनी रोजनिशी बनावट ठरविण्याचे प्रयत्न वारंवार केले. १९५८ मध्ये पश्चिम जर्मनीतील ल्यूबेक येथील लोथार स्टीलाउ या शाळाशिक्षकाने रोजनिशी खोटी असल्याचे लिहिले. ओटो यांनी न्यायालयात दाद मागितली. हस्ताक्षरतज्ज्ञांच्या तपासणीत रोजनिशी अस्सल ठरली आणि १९६१ मध्ये स्टीलाउ याने आरोप मागे घेतल्यावर तडजोड झाली. तडजोड स्वीकारल्याने खोटेपणास न्यायालयाचा ठाम निकाल मिळाला नाही, अशी खंत ओटो यांना नंतर वाटली. १९७० च्या दशकात त्यांनी अशा आणखी काही जणांविरुद्ध न्यायालयीन लढे दिले. मुलीचे एकमेव उरलेले अस्तित्व खोटे ठरविणाऱ्यांना वयाच्या ऐंशीनंतरही न्यायालयात उत्तर द्यावे लागणे, हा त्यांच्या उत्तरायुष्यातील सर्वांत क्लेशदायक भाग होता.

निधन

१९ ऑगस्ट, १९८० रोजी बाझलजवळील बिर्सफेल्डन येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने ओटो यांचे निधन झाले. मृत्युसमयी ते ९१ वर्षांचे होते. ॲनची मूळ हस्तलिखिते त्यांनी मृत्युपत्राद्वारे नेदरलँड्सच्या शासकीय युद्धइतिहास संस्थेस दिली. त्यानंतर कागद, शाई आणि हस्ताक्षर यांची शास्त्रीय तपासणी होऊन तिचे निष्कर्ष १९८६ च्या चिकित्सक आवृत्तीत प्रसिद्ध झाले व हस्तलिखितांचा अस्सलपणा सिद्ध झाला. २००९ मध्ये युनेस्कोने या हस्तलिखितांचा जागतिक स्मृती नोंदवहीत समावेश केला.

वारसा

ॲन फ्रँक हाऊस हे आज युरोपातील सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या स्मृतिस्थळांपैकी एक आहे. कोविड साथीपूर्वी तेथे दरवर्षी बारा लाखांहून अधिक लोक येत. १९८५ पासून प्रतिष्ठानाची फिरती प्रदर्शने अनेक देशांत जात असून भारतातही ती दाखविली गेली आहेत. या प्रदर्शनांत स्थानिक विद्यार्थ्यांनाच मार्गदर्शक म्हणून तयार केले जाते. तरुणांनी तरुणांना शिकवावे, हे या कार्यपद्धतीचे सूत्र ओटो यांच्या युवक केंद्राशी नाते सांगणारे आहे.

जानेवारी २०२५ मध्ये न्यू यॉर्क येथे जोडघराची सामानासह पूर्णाकृती प्रतिकृती प्रदर्शित करण्यात आली. ॲम्स्टरडॅममधील मूळ खोल्या मात्र ओटो यांच्या इच्छेनुसार आजही रिकाम्याच आहेत.

लोकप्रिय माध्यमांत

१९५५ च्या नाटकात आणि १९५९ च्या चित्रपटात ओटो यांची भूमिका जोसेफ शिल्डक्राउट यांनी केली. 'गांधी' चित्रपटामुळे भारतीय प्रेक्षकांना परिचित असलेले अभिनेते बेन किंग्जली यांनी २००१ मध्ये ॲनच्या जीवनावरील दूरचित्रवाणी मालिकेत ओटो साकारले.